मायची तीन लुगडी

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर तेवढं माफ करावं. बाकी कशाबद्दल मी माफी मागणार नाही.

माय गेली तेव्हा तिची तीन सुती लुगडी माझ्या वाट्याला आली. आमच्याकडे अशा लुगड्यांची गोधडी शिवतात. पण गोधडी धुऊन धुऊन विरते. सिल्वासात एक बाई हातमागावर भिंतीला लावायची चित्रं विणायच्या. लुगड्यांच्या पट्ट्या काढून त्यातच मायचं बाजरीचं शेत विणून द्या, असं मी त्यांना कसंबसं सांगितलं. दिवाळीचा सगळा बोनस आगाऊ दिला.

वहिनी म्हणाली, "माणसं कुडकुडतात आणि ही भिंतीला पांघरूण घालते."

पाच महिन्यांनी चित्र तयार झालं. शेत छान होतं. मी हात फिरवला आणि थांबले. नरोलीच्या कंपनीत नऊ वर्षं मी पॉलिस्टरचा धागा गुंडाळते. तो बोटांना लगेच कळतो.

"हे मायचं लुगडं नाही."

"अगं, विणल्यावर कापड वेगळंच लागतं. तुला काय कळणार त्यातलं?" बाई म्हणाल्या.

एरवी मी मान खाली घालून निघाले असते. या वेळी पट्टीच्या कडेचा धागा ओढला, उदबत्तीशेजारची काडेपेटी घेतली आणि पेटवला. सुताची राख होते. हा वितळला, आक्रसला, त्याचा काळा मणी झाला. तो मी त्यांच्या टेबलावर ठेवला.

मग खरं निघालं. लुगड्यांचा विटका रंग त्यांना फार आवडला होता. तो त्यांनी मुंबईच्या प्रदर्शनातल्या चित्रात वापरला आणि ते चित्र विकलंही गेलं. घेणाऱ्यांचा पत्ता नाही म्हणाल्या.

"पण बघ ना, तुझ्या आईचं कापड किती मोठ्या घरात गेलं."

"मायनं जन्मात कुणाच्या घरचं काम धरलं नाही. तुम्ही तिला परस्पर पाठवलंत."

दुसरं विणून देते म्हणाल्या. कशाचं?

त्यानंतर दर रविवारी मी त्यांच्या पायरीवर जाऊन बसायचे. भांडायला मला जमत नाही. गिऱ्हाइकं विचारायची, ही कोण? मी हळूच सांगायचे, जिच्या मायची लुगडी यांनी विकली, ती.

चौथ्या रविवारी त्यांनी पाकीट आणून दिलं. मी तिथेच, पायरीवर बसून मोजले. बोनसचे पैसे पूर्ण होते.