टिल्सनबाईंची डायरी आणि चांदीची किटली

आमच्या एल्क प्रेअरी गावात माणसाची पत कळायची ती बँकेत नव्हे, चर्चच्या तळघरात. तिथे महिला मंडळाची कॉफी असली की लांब टेबलाच्या टोकाला चांदीची किटली मांडत, आणि तिच्यामागे बसून एक बाई सगळ्यांच्या कपांत कॉफी ओतत असे. काम शेंबड्या पोरीलाही जमेल असं. पण तिथे कोणाला बसवायचं यावरून मंडळात जेवढं राजकारण चाले तेवढं आयोवाच्या विधानसभेत चालत नसावं. ओतणारी बाई सर्वांत मोठी, केक आणणारी मधली, आणि मागे स्वयंपाकघरात कपबश्या विसळायला ऑर्फा टिल्सन.

ऑर्फा लग्न होऊन गावात आली तेव्हापासून विसळतच होती. नवरा एमॉस गावाबाहेर थोडी जमीन आणि बऱ्याच कोंबड्या बाळगून होता. तो वारल्यावर जमीन गेली, कोंबड्या राहिल्या. बाई सरळ आणि मितभाषी, आणि जी फार बोलत नाही तिला काही वाटतही नसतं अशी आमच्या गावाने आपली सोयीस्कर समजूत करून घेतलेली. ऑर्फाला वाटत होतं. एकदाच त्या किटलीमागे बसावं, ठेवणीतला निळा ड्रेस घालावा आणि मंडळाच्या अध्यक्षीणबाई कोरा हॅझलटन यांना शांतपणे विचारावं, "साखर किती?" बस्स, याहून मोठं स्वप्न तिने कधी पाहिलं नाही.

एका दुपारी मंडळाच्या बायका तळघरात लाकडी चौकटीवर ताणलेल्या गोधडीभोवती बसून शिवत होत्या. गोधडी निमित्ताला, जिभा कामाला. चर्चच्या घंटेला तडा नेमका कोणत्या हिवाळ्यात गेला यावरून वाद पेटला आणि हॅझलटनबाईंनी नेहमीप्रमाणे ठासून चुकीचं साल सांगितलं. ऑर्फा ओले हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली की तसं नाही, आपल्याकडे लिहिलेलं आहे.

"लिहिलेलं? कशात?" हॅझलटनबाईंनी विचारलं.

"डायरीत. मी रोज लिहिते. लग्न झाल्यापासून."

"रोज काय लिहिता टिल्सनबाई?"

"दिवसभरात जे झालं ते. दुसरं काय लिहिणार?"

सुया जागच्या जागी थांबल्या. प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर आपापलं एकेक पाप उभं राहिलं. हॅझलटनबाईंना आठवला तो जत्रेत पहिलं बक्षीस मिळवलेला एंजल केक, जो म्हणे शहरातल्या बेकरीतून आला होता. ऑर्फाच्या शेजारणीला, नेटी बोवर्सला, आठवले आपले गुरुवारी वाळत पडलेले कपडे. हसू नका. आमच्याकडे सोमवार कपड्यांचा. सोमवारी दोऱ्या भरल्या नाहीत तर त्या घरात काहीतरी बिनसलंय हे अख्खा गाव धरून चालतो. सोमवारी कोणी कोणाची पायरी चढत नाही; मरायला टेकलेल्यालाही पाद्रीबुवा मंगळवारीच भेटतात.

त्या दिवसापासून ऑर्फाचं नशीब पालटलं. दुसऱ्याच दिवशी नेटीने कुंपणावरून मोरावळ्यासारखं गोड हसत लोणच्याची बरणी दिली. रस्त्यात बायका थांबून तिच्या कोंबड्यांची विचारपूस करू लागल्या. आणि चर्चच्या सुवर्णमहोत्सवाच्या तोंडावर स्वतः हॅझलटनबाई मोटारीतून उतरून तिच्या फाटकाशी आल्या, आत मात्र आल्या नाहीत, आणि म्हणाल्या की यंदा कॉफी टिल्सनबाईंनीच ओतावी असं मंडळाने एकमताने ठरवलंय.

ऑर्फाने निळा ड्रेस बाहेर काढून उन्हात टाकला.

पण पाद्रीबुवा पडले भोळे सांब. डायरीची कीर्ती त्यांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी रविवारी प्रवचनानंतर हौसेने जाहीर करून टाकलं की महोत्सवात कॉफीच्या आधी टिल्सनबाई आपल्या डायरीतली काही पानं वाचतील. बायकांचं धाबं दणाणलं. त्याहून जास्त दणाणलं ते ऑर्फाचं, कारण डायरीत काय आहे हे फक्त तिला माहीत होतं.

डायरीत काहीच नव्हतं. धान्याच्या दुकानात दर नाताळला गिऱ्हाइकांना फुकट मिळणारी ती वही. एका दिवसाला चार ओळी. त्या चार ओळींत ऑर्फा तिच्या आईने शिकवल्याप्रमाणे चार गोष्टी लिही: हवा, काम, अंडी आणि पाहुणे. हे एकदा लोकांना कळलं की किटली हातातून गेली आणि पुन्हा मोरीशी गाठ, हे तिला लख्ख दिसत होतं. पाद्रीबुवांना नाही म्हणायची तिची छाती नव्हती.

म्हणून एका दुपारी ती पेन्सिल घेऊन बसली. म्हटलं, जुन्या पानांत थोडं मीठमिरची घालावं. पण बराच वेळ पेन्सिल चावूनही काही सुचेना. गावाची कुलंगडी लिहायची तर ती कळायला हवीत, आणि ती कळायची तर कोणीतरी घरी येऊन सांगायला हवं. शेवटी तिने त्यातल्या त्यात जोरदार हवेचा हिवाळा निवडला. बर्फाने तारांचे खांब वाकले होते तो. निदान हवा तरी लोकांना आवडेल, तिला वाटलं.

महोत्सवाला तळघर गच्च भरलं होतं. हॅझलटनबाई पहिल्या रांगेत, पाठ ताठ. ऑर्फा उभी राहिली, चष्मा पुसला आणि वाचू लागली.

"सोमवार. बर्फ. कपडे घरात वाळवले. अंडी बरी. पाहुणे, कोणी नाही. मंगळवार. बर्फ, वारा उत्तरेचा. इस्त्री केली. एमॉसला ताप. पाहुणे, कोणी नाही."

बायकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. नेटीने तर शेजारणीला कोपराने ढोसलं. वाचन पुढे चाललं. वारा फिरला, खांब वाकले, पाव भाजला, एमॉस काही खाईना. आणि दर दिवसाच्या शेवटी, सुराची पट्टी न बदलता, पाहुणे, कोणी नाही.

दुसऱ्या आठवड्यावर ऑर्फा आली तेव्हा बायकांच्या हातातले पंखे हलायचे थांबले होते. आपलं नाव येईल या भीतीने जीव मुठीत धरून आलेल्या बायकांना एव्हाना कळून चुकलं होतं की आपलं नाव येणारच नाही. नेटीचं घर तर ऑर्फाच्या कुंपणाला लागून.

"शुक्रवार. ऊन पडलं. सकाळी एमॉस गेला. अंडी नाहीत. पाहुणे, पाद्रीबुवा आणि शवपेटीवाला. शनिवार. ऊन. एमॉसचे शर्ट धुतले. पाहुणे, कोणी नाही."

तिने वही मिटली. टाळी वाजली नाही. लोक कंटाळले असा तिने अर्थ घेतला, तिचा चेहरा उतरला. तरी ठरल्याप्रमाणे जाऊन ती किटलीमागे बसली. निळ्या ड्रेसवरची सुरकुती सरळ केली. समोर कोणीच येईना. कोणीतरी आता उठ म्हणेल, म्हणून ती मनात स्वयंपाकघरातला एप्रन शोधू लागली होती.

मग हॅझलटनबाई उठल्या. कपबशी घेऊन त्या किटलीसमोर आल्या.

"साखर किती?" ऑर्फाने विचारलं. इतकी वर्षं जपलेला प्रश्न. आता विचारताना मजा अशी काही आली नाही.

साखरेचं हॅझलटनबाईंच्या ध्यानातच आलं नाही. "टिल्सनबाई," त्या म्हणाल्या, "उद्या सोमवारी घरी असाल ना?"

"सोमवारी? सोमवारी कपडे असतात माझे."

"असू देत," हॅझलटनबाई म्हणाल्या, आणि त्यांच्यामागे रांग लागली.

माणसं सुधारतात यावर माझा फारसा विश्वास नाही. त्यातल्या निम्म्याजणी नुसत्या डायरीत नाव लागावं म्हणून गेल्या असतील. पण गेल्या. त्या सोमवारी गावभर दोऱ्या मोकळ्या होत्या आणि टिल्सनांच्या फाटकाशी मोटारी. त्या दिवसाच्या चार ओळी ऑर्फाला पुरल्या नाहीत, समासातही लिहावं लागलं:

"सोमवार. ऊन, वारा बेताचा. कपडे भिजत घातले ते तसेच राहिले. अंडी सगळी केकमध्ये संपली. पाहुणे, खुर्च्या पुरल्या नाहीत. नेटी फार रडली. हॅझलटनबाईंनी एंजल केक आणला. बेकरीतला आहे, असं त्यांनीच सांगितलं."