बर्फात सुनेला पाय लागला तेव्हा

त्या दिवशी आम्ही पाचजणं होतो. मी, माझा मुलगा, सूनबाई, नात आणि शेजारच्या डॉक्टरीणबाई. त्या मूळच्या नागपूरच्या, आता रिटायर झाल्यात. बर्फात चालायच्या चपला त्यांनीच आणलेल्या. स्नोशू म्हणतात. एकेक चप्पल सुपाएवढी. बुटावरनं पट्ट्यांनी आवळायची, खाली लोखंडी दात, हातात दोन काठ्या. रुंद असते म्हणून पाय खोल जात नाही.

इथं अमेरिकेत, मुलाकडं श्रूजबरीला, उन्हाळ्यात मी रोज तळ्यापर्यंत जाऊन यायची. हिवाळा आला की सोफा ते खिडकी, एवढंच. त्या साली गुडघे असे आखडले की उठताना कुणाचा तरी हात लागायला लागला. मला त्याचीच धास्ती. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. नवरा आधीच गेलेला, पोरं लहान. दिवसभर लोकाच्या रानात भांगलायचं नि घरी येऊन त्यांना उचलून कूस बदलायची. केलं. करायचंच असतं. पण मी उचलायला लागले की त्या तोंड फिरवायच्या, ते मी बघितलंय. आपल्यावर तशी वेळ नको, एवढंच देवाजवळ मागत होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, चला माझ्यासोबत. मी नाही का जात या वयात?"

मुलगा काही तयार नव्हता. "काकू, हिचं हाड मोडलं म्हणजे?" मग माझ्याकडं वळून म्हणाला, "आई, एकदा जरी पडलीस तर सगळं कॅन्सल. परत यायचं नाही." मी बरं म्हटलं.

सुनेची बर्फातली पँट घातली. जन्मात पहिल्यांदा पँट.

"आई, हिरो दिसतेस," मुलगा हसला.

"तुझा बाप असता तर पळून गेला असता," मी म्हटलं.

रानातल्या वाटेवर डॉक्टरीणबाई पुढं, मग सून, तिच्यामागं मी. "पाय जरा फाकवून टाका, चिखलात टाकतो तसे," त्या म्हणाल्या. चिखलात तर माझा जन्म गेला. जमलं की! ऊन पडलेलं, पायाखाली करकर आवाज. बरं वाटत होतं.

तेवढ्यात सून मधेच थांबली आणि माझी चप्पल तिच्या चपलेच्या शेपटीवर पडली. आता पाय लागला की आपण काय करतो? लहान असली तरी घरची लक्ष्मी. मी सवयीनं वाकले, तिला हात लावून कपाळाला लावायला. काठ्या सुटल्या नि मी आडवी. तोंडात बर्फ.

"अहो आई, पाय कुठं, चप्पल लागली!" सून ओरडली.

"आजी, आर यू ओके?" नात.

मुलगा धावत आला, काखेत हात घालायला लागला.

"हात लावू नको."

"अगं आई, पण..."

"थांब म्हटलं ना."

डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "दुखतंय कुठं?" मी नाही म्हटलं. "मग थांब रे बाबू," त्या मुलाला म्हणाल्या. "ताई, आधी पालथ्या व्हा. मग गुडघ्यावर या."

पालथी झाले, गुडघ्यावर आले. नातीनं काठ्या हातात दिल्या. एक पाय पुढं रोवला आणि जोर लावला. परत खाली बसले. पुन्हा जोर लावला आणि उठले.

मुलगा नुसता बघत होता. मग खाली बसला, माझी सैल झालेली पट्टी आवळली आणि म्हणाला, "पुढच्या शनिवारी लवकर निघू. इथं पार्किंग मिळत नाही."

आता बर्फ पडला की जातो. अजून पडते कधी कधी. उठते. भूक चांगली लागते, झोपही लागते.

वाचणाऱ्याला एवढीच विनंती. घरातलं म्हातारं माणूस पडलं तर आधी दुखतंय का विचारा. दुखत नसेल तर घाई करू नका. त्याचं त्याला उठू द्या.