उजवं फूल

धारवाडच्या कॉलेजात मी धर्माचं तत्त्वज्ञान शिकवायचो. पहिल्याच तासाला आईचा किस्सा सांगायचो. पोरं खुलायची, मीही खुलायचो. आता तो आठवला की मान वर होत नाही.

नव्वदच्या सुमाराला मला परजातीतल्या मुलीशी लग्न करायचं होतं. आई म्हणाली, आधी देवीला विचारू. केलगेरीच्या बाजूच्या देवळात कौल लावत. ओल्या मूर्तीवर फूल चिकटवायचं. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मी वैतागलो. म्हटलं, "अगं, पाणी सुकलं की फूल पडणारच. त्यात देवीचा काय संबंध?" आत गेलोच नाही. चपला राखत बाहेर उभा राहिलो.

आई बाहेर आली. "उजवं पडलं. कर लग्न."

त्यानंतर मात्र तिनं ते देऊळच सोडलं. एकही मंगळवार न चुकवणारी बाई, पण तिकडे फिरकेना. विचारलं तर म्हणे, गुडघे दुखतात. मी समजलो, आपल्या युक्तिवादानं आई शहाणी झाली. "घरच्या म्हातारीला पटलं, तुम्हाला का पटू नये?" असं वर्गात विचारायचो. काय ती माझी ऐट!

पुष्कळ वर्षांनी बायकोला दिवस गेले. घर आनंदात, आणि आईला जेवण जाईना. एका दुपारी मी पेपर तपासत होतो. ती समोर येऊन बसली.

"तू हेच शिकवतोस की. मग सांग. देवाच्या नावानं कुणी खोटं बोललं, तर ते पाप नातवंडाला लागतं का रे?"

"कोण बोललं खोटं?"

"डावं पडलं होतं. पुन्हा लावलं, पुन्हा डावंच. बाहेर आले तर तुझं तोंड बघवेना. म्हटलं, माझं काय व्हायचं ते होऊ दे. नातवंडाचं तेव्हा डोक्यात आलं नाही बघ."

पाप-बीप काही नसतं, हे माझं वर्गातलं ठरलेलं वाक्य. मी पेपर बाजूला सारले. लाज वाटली, नुसती लाज. माझ्या लेखी देव नव्हताच, त्याला नाकारायला माझं काय जात होतं? तिची देवी खरी होती. तिला तिनं माझ्यासाठी फसवलं होतं, आणि मी त्यावर पोरांना हसवत होतो.

"चल, देवीची माफी मागू. मीही येतो आत," मी म्हणालो.

देवळाच्या पायरीशी तिनं मला अडवलं. "तू इथंच थांब. यात तुझं नाव नको यायला."

ती एकटीच आत गेली. मी चपलांपाशी उभा राहिलो.