‘यावर मी लिहिलं आहे’

आमच्या पाळकसाहेबांना माणसांची नावं लक्षात राहत नसत. पुस्तकांची राहत. लेखक कोण, प्रकाशन कुठलं, आवृत्ती कितवी, सगळं तोंडपाठ. समोर उभ्या माणसाला मात्र ते ‘बंधू’ म्हणत, आणि बाई असली तर ‘भगिनी’. धारूरच्या डोंगरालगतची आमची ख्रिस्ती मंडळी लहान, सगळी घरं एका हाकेच्या अंतरात. साहेबांनी आमच्यात काही वर्षं काढली, लेकरांना बाप्तिस्मा दिला, लग्नं लावली, माणसं मातीत ठेवली. पण आम्ही शेवटपर्यंत बिननावाचेच राहिलो. मी शाळेत मास्तर आणि मंडळीच्या पंच कमिटीचा सेक्रेटरी. दर रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, त्यांच्या शेजारी उभं राहून सूचना वाचायचो. मीही बंधूच.

त्यांच्याविषयी लिहिताना माझं मन स्वच्छ नाही, हे आधीच सांगतो. कुणाला तुच्छ मानू नये, असं मी संडेस्कूलच्या लेकरांना शिकवतो आणि घरी येऊन या एका माणसाला तुच्छ मानतो. गुडघे टेकून पाहिलं. ‘क्षमा करतो’ इथपर्यंत सगळं नीट येतं, आणि मग मला त्यांचा तो उभा पंजा आठवतो.

पंजा असा : कुणी दारात आलं की साहेब पुस्तकातल्या ओळीवर डाव्या हाताचं बोट ठेवत आणि उजवा पंजा उभा करत. म्हणजे थांबा, एवढा परिच्छेद. मग आलेला माणूस उन्हात पायरीवर उभा. परिच्छेद संपायचा, पान उलटायचं, पुढचा परिच्छेद सुरू व्हायचा. एखादा म्हातारा खाकरला तर साहेब वर न बघता म्हणत, “आत्मसंयम, बंधू.”

ते नुसते वाचत नव्हते, लिहीतही होते. विश्वास, शिकवण, आजची मंडळी आणि तिची दुखणी, हा त्यांचा प्रांत. पुस्तकामागून पुस्तक यायचं, आणि मुखपृष्ठावर हटकून उगवता सूर्य. गावात त्यांना ‘पुस्तकसायब’ म्हणत. चावडीवर एकानं मला विचारलं होतं, “गुर्जी, बायबल तर एकच हाय. मग सायब एवढी पुस्तकं कावून लिवतेत?” मी काही बोलायच्या आत दुसरा म्हणाला, “देवाचं जे जे ऱ्हाऊन गेलं, ते सायब पुरं करतेत बे!”

घरभेटीवर त्यांचं एक पूर्ण प्रकरण होतं. पाळकानं कुणाच्या घरी कसं जावं, जमिनीवर कसं बसावं, दिलेला चहा का नाकारू नये. प्रकरण चांगलं होतं. ते लिहून होईपर्यंत साहेब कुणाच्याही घरी गेले नाहीत, आणि लिहून झाल्यावर जायची गरज उरली नाही.

कारण त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, “यावर मी लिहिलं आहे.” हे ते प्रवचनात म्हणत, कमिटीत म्हणत आणि रडत आलेल्या माणसालाही म्हणत. आमच्यातली कौसाबाई एकदा नवऱ्याच्या दारूचं गाऱ्हाणं घेऊन गेली. साहेबांनी ऐकून घेतलं, हे मान्य करायला हवं. मग म्हणाले, “भगिनी, यावर मी लिहिलं आहे. चौथं प्रकरण.”

“मला वाचता येत न्हाई सायब.”

“मग कुणाकडून तरी वाचून घ्या.”

ती माझ्याकडे आली. मी चौथं प्रकरण वाचून दाखवलं. मध्येच ती उठली. “ऱ्हाऊ द्या गुर्जी. ह्ये ऐकून तर मलाच प्यावं वाटाया लागलं.”

आता मूळ गोष्ट. आमच्या मंडळीतली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमारास ट्रक येतात, आणि माणसं उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. म्हणून आमच्यात नाताळ दोनदा होतो. एक पंचवीस डिसेंबरचा, मागे राहिलेल्यांचा. दुसरा, ट्रक यायच्या आधीचा, सगळ्यांचा. त्याला आम्ही ‘जातानाचा नाताळ’ म्हणतो. भर ऑक्टोबरात बांबूवर कागदी तारा चढतो, करंज्या होतात, बांधून ठेवलेल्या कोयत्यांच्या शेजारी लेकरं मेंढपाळ होऊन उभी राहतात, आणि शेवटी प्रभुभोजन, म्हणजे पाळकाच्या हातून भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला. एकाच प्याल्यातून पिऊन माणसं फडावर जातात. ही रीत कुणी पाडली, कोणाला ठाऊक नाही; आधीचे पाळक ती पाळत आले होते.

साहेबांच्या पहिल्याच वर्षी कौसाबाईचे सासरे दगडूबाबा खाटेला टेकले होते. तरुणपणी भजनाची ढोलकी त्यांचीच. मुलगा-सून परत येईपर्यंत आपण काही उरत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांचं एकच मागणं : सगळ्यांच्या बरोबर बसून एकदा प्याला घ्यायचा. ते मागणं घेऊन कौसाबाई आणि मी साहेबांकडे गेलो. पंजा वर झाला. आम्ही थांबलो.

“नाताळ पंचवीस डिसेंबरला असतो,” शेवटी साहेब म्हणाले. “सोयीप्रमाणे सण सरकवणं ही मंडळीची शिथिलता आहे. यावर मी लिहिलं आहे.”

“तवा आमी कर्नाटकात फडावर आसतो सायब.”

“प्रभू सर्वत्र आहे, भगिनी.”

“त्यो हाय वो. त्यो येतो बी फडावर. तुमी कुठं आसता?”

साहेबांनी चष्मा पुसला. मी म्हणालो, नाताळ राहू द्या, नुसतं घरी येऊन बाबांना प्रभुभोजन द्या. ते म्हणाले, “पहिल्या रविवारी देवळात आणा.” खाटेवरचा माणूस देवळात कसा आणायचा, यावर बहुधा त्यांनी अजून लिहिलं नव्हतं.

जातानाचा नाताळ कौसाबाईच्या अंगणात झाला. येशूच्या जन्माचं वचन मी वाचलं. बाबांना खाटेसकट बाहेर आणलं होतं. त्यांनी पडल्या पडल्या ढोलकीवर बोटं वाजवली, फार हलकी. सगळं झालं. प्याला झाला नाही, कारण तो पाळकाशिवाय होत नाही, एवढं बाबांनाही कळत होतं. तरी गाणी संपल्यावर त्यांनी रस्त्याकडे मान वळवली आणि मला विचारलं, “सायब येनार हायती का, गुर्जी?” पाळकाच्या घरात दिवा होता. साहेब लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी ट्रक गेला. खरा नाताळ यायच्या आधी बाबा गेले. मुलगा-सून पोहोचेपर्यंत आम्ही थांबलो. कबरेजवळ साहेबांनी छान भाषण केलं आणि बाबांचा उल्लेख ‘आपले दिवंगत बंधू’ असा केला.

पुढे त्यांची बदली झाली. टेम्पोत पुस्तकांची खोकी आम्हीच चढवली. ओली होतील म्हणून त्यांनी स्वतः ताडपत्री बांधून घेतली. निघताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, “बंधू, आपण फार साथ दिलीत. आपलं नाव काय म्हणालात?” मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा उच्चारलं आणि टेम्पोत बसले.

मग गेल्या वर्षी त्यांचं नवं पुस्तक टपालानं आलं. ग्रामीण मंडळीविषयी. मुखपृष्ठावर सूर्य. त्यात एक प्रकरण होतं, ‘निरोपाचा नाताळ’. ऊसतोड बांधवांसाठी आपण ही प्रथा कशी सुरू केली, हे साहेबांनी ओघवत्या भाषेत लिहिलं होतं. शेवट असा : ‘एका वृद्ध बंधूच्या खाटेपाशी मी गुडघे टेकले. थरथरत्या हातांनी त्यांनी प्याला ओठांना लावला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत मला बेथलेहेमचा तारा दिसला.’

मी पुस्तक भिंतीवर फेकलं. नंतर उचलून पुसलं. आणखी सांगायचं तर, ते प्रकरण वाचून केजकडच्या एका मंडळीनं जातानाचा नाताळ सुरू केला आहे, आणि त्यांचे पाळक खाटेपर्यंत प्याला घेऊन जातात. याचा मला आनंद व्हायला हवा. होत नाही.

कौसाबाई फडावरून परतल्यावर मी ते पान घेऊन तिच्याकडे गेलो. खरं सांगायचं तर मला तिच्या तोंडून शिव्या ऐकायच्या होत्या. माझ्याच्यानं देववत नव्हत्या. ती ज्वारी निवडत होती. मी वाचलं. तिचे हात थांबले.

“त्ये प्याल्याचं परत वाचा.”

मी परत वाचलं. तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

“म्हंजी सायबाला ठावं व्हतं गुर्जी,” ती म्हणाली, “काय कराया पायजे व्हतं ते.”

आणि तिनं ज्वारी पाखडायला घेतली.