जांभळ्या तोंडाची मंगलाष्टकं

माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात मी मंगलाष्टक म्हणायला तोंड उघडलं आणि मुहूर्त टळला.

पन्नास सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. आम्ही डोंबिवलीला राहत होतो. शालूचं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं, लग्न ठाण्याच्या एका तालेवार घरात ठरलं होतं. डोंबिवलीत आमच्या माहितीचं धड कार्यालय नव्हतं, म्हणून कार्य कल्याणला करायचं ठरलं. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण साखरपुड्याला नवऱ्या मुलाच्या काकांनी, म्हणजे अप्पांनी, कोणीही न विचारता खाकरून एक श्लोक म्हटला. आवाज खणखणीत होता. आमच्याकडच्या बायकासुद्धा ‘वा’ म्हणाल्या. (आमच्याकडच्या बायका माझ्या गाण्याला आजवर ‘पुरे’ एवढंच म्हणाल्या होत्या.) मग अप्पांनी अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, गोड हसत विचारलं की लग्नात तुमच्या बाजूने मंगलाष्टकं कोण म्हणणार? अण्णांनी जरा वेळ छताकडे पाहिलं आणि नाइलाजाने माझ्याकडे बोट दाखवलं.

मंगलाष्टकं म्हणजे वधूवरांना आशीर्वाद, असं सांगायची पद्धत आहे. प्रत्यक्षात ती कुस्ती असते. एका बाजूचा म्हणतो, दुसऱ्या बाजूचा त्याच्याहून वरच्या पट्टीत म्हणतो, आणि मधल्या मध्ये नवरा-नवरी हार धरून हात भरून येईस्तोवर उभे राहतात. आमच्या घराण्याची अब्रू आता माझ्या गळ्यात होती. मी दोन्हीकडच्या सगळ्या नातलगांची नावं गुंफून स्वतः मंगलाष्टक रचलं. वृत्तात बसावं म्हणून दोन काकांना मी एका ओळीत कोंबलं आणि एका आत्याला वगळलं. मग रोज आंघोळ करताना तालीम सुरू केली. शेजारच्या बिऱ्हाडाने आंघोळीच्या वेळा बदलल्या.

आणि लग्न तोंडावर आलं असताना मला सणसणून ताप भरला. घसा असा धरला की पाणीही गिळवेना. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिली आणि नव्याने निघालेल्या, जंतू मारणाऱ्या कॅप्सूल लिहून दिल्या. त्या पाण्याबरोबर गिळायच्या, आणि संपल्या की पुन्हा येऊन दाखवायचं, असं त्यांनी बजावलं.

घरी आल्यावर आईने एक कॅप्सूल चिमटीत धरून उजेडात फिरवली. वरचं ते चकचकीत टरफल कशाचं असतं, असं तिने नानामामाला विचारलं. नानामामा मुंबईत एका औषधांच्या कंपनीत कारकून होता, त्यामुळे घरातल्या मंडळींच्या मते तो निम्मा डॉक्टरच होता. तो सहज म्हणाला, “जिलेटिन. हाडं-कातडी उकळून करतात.”

आईने कॅप्सूल खाली ठेवली, हात धुतले आणि मामाकडे असं पाहिलं की जणू ती हाडं त्यानेच उकळली होती. घराण्याच्या पंचवीस पिढ्यांच्या सोवळ्याचा प्रश्न होता. पण औषध टाकायचं तरी कसं? शेवटी तिने तोड काढली. टरफल उघडून बाहेर टाकायचं, आतली पिवळी पूड सहाणेवर मधात खलायची आणि मला चाटवायची. लहानपणापासून आम्हाला मात्रा तशीच मिळत असे. “जिभेवर घोळव, लगेच गिळू नकोस, म्हणजे गुण येईल,” असंही तिने बजावलं. मी घोळवली. चव इतकी कडू होती की मध बिचारा शरमला असेल.

गुण मात्र आला. ताप उतरला, घसा मोकळा झाला. इथे थांबलो असतो तर ही आठवण लिहायची वेळ आली नसती. पण मला वाटलं, ज्या औषधाने बिघडलेला गळा सुधारला, त्याने सुधारलेला गळा किती सुधारेल! डॉक्टरांना दाखवायला मी गेलोच नाही. नानामामाला गाठलं. त्याने कंपनीतल्या ओळखीने आणखी कॅप्सूल आणून दिल्या आणि मोठे साहेब लोकसुद्धा हेच घेतात असं सांगितलं. (साहेब लोक मंगलाष्टकं म्हणत नाहीत, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.) आई सहाणेवर पूड खलत राहिली आणि मी जिभेवर घोळवत राहिलो.

एका सकाळी आरशात पाहतो तर जिभेवर पांढरा थर. गालांच्या आतल्या बाजूला ताकातल्या लोण्यासारखे कण. जिभलीने खरवडलं तर खालून लालभडक जीभ आणि अशी आग की डोळ्यांत पाणी आलं. आई म्हणाली, उष्णता झाली, तोंड आलंय. तिने गुलकंद सुरू केला. थर वाढला. अण्णा म्हणाले, पोट साफ नाही. त्यांनी एरंडेल दिलं. त्यानंतरचा दिवस मी फारसा घरात नव्हतो. मग मी स्वतःच्या अकलेने पूड दुप्पट केली. थर टाळूपर्यंत गेला आणि मला साधा भातसुद्धा मिरचीसारखा झोंबू लागला.

लग्न दोन दिवसांवर आलं तेव्हा शालूने मला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं; मागोमाग आईही आली. डॉक्टरांनी तोंडात पाहिलं, सगळी हकीकत ऐकली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग आईला उद्देशून म्हणाले, “वहिनी, लोणच्यावरचं तेल काढून टाकलंत तर काय होईल?”

“बुरा येईल,” आई म्हणाली.

“याच्या तोंडात तेच झालंय.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. प्रत्येकाच्या तोंडात निरुपद्रवी जंतू असतात आणि थोडी बुरशीही असते. जंतूंच्या गर्दीत बुरशीला वाढायला जागा मिळत नाही. हे नवं औषध जंतू मारतं, पण त्यात आपले-परके असा भेद करत नाही, आणि बुरशीला तर हातही लावत नाही. त्यात मी ते गरजेपेक्षा जास्त दिवस घेतलं, वर तोंडात घोळवलं. सगळी जागा बुरशीला मोकळी मिळाली. याला इंग्रजीत थ्रश म्हणतात. पूड बंद, मध बंद, गुलकंद बंद, आणि सकाळ-संध्याकाळ तोंडाला आतून एक जांभळं औषध लावायचं. डाग पडतील, पण घाबरू नका, असंही ते म्हणाले.

आईने हे औषध मात्र मनापासून स्वीकारलं, कारण त्याला टरफल नव्हतं. समईसाठी वळलेल्या वाती त्यात बुडवून ती माझं तोंड सारवू लागली. लग्नाच्या दिवशी सकाळी तर मंगलकार्यात औषध चुकायला नको म्हणून तिने दोन हात दिले. ओठांपासून पडजिभेपर्यंत मी पिकलेल्या जांभळाच्या रंगाचा झालो.

कल्याणला कार्यालयात मी सकाळभर तोंड मिटून वावरलो. कोणी काही विचारलं की मान डोलवायची. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी अण्णांजवळ माझ्या गंभीर स्वभावाचं कौतुक केलं. अण्णांना खरं सांगायचा धीर झाला नाही.

मुहूर्त आला. अंतरपाट धरला. अप्पांनी सुरुवात केली आणि मांडव दणाणून सोडला. त्यांचं संपताच त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की तोंड दुखतंय हे मी विसरलो. पुढे झालो, छाती भरून श्वास घेतला, आणि तोंड पूर्ण उघडून पहिलाच आलाप वरच्या पट्टीत लावला.

तेवढ्यात मागून एक बाई ओरडल्या, “अहो, धरा त्याला! पोराने काहीतरी घेतलंय!”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड उघडंच होतं. ओठ जांभळे, जीभ जांभळी, दात जांभळे. मग कोणालाच शंका उरली नाही. चौघांनी मला उचलून आडवं केलं. कोणी धोतर सैल केलं, कोणी तळवे चोळले आणि अप्पांनी, आमच्यातलं सगळं वैर विसरून, तांब्याभर मिठाचं पाणी माझ्या घशात ओतलं. सोललेल्या तोंडात मीठ गेलं तशी मी जी किंकाळी फोडली ती अगदी मरणाऱ्याचीच वाटावी अशी होती. गुरुजी अंतरपाट धरून ताटकळले. मी खुलासा करायला गेलो तर जीभ हलेना.

आई धावत आली आणि विष नाही, बुरशी आहे, असं ओरडून सांगू लागली. त्याने उलटंच झालं. वरपक्षाच्या बायका पदर नाकाला लावून मागे सरल्या. तोवर मुहूर्त टळला होता. मुलाचे वडील अण्णांसमोर उभे राहिले आणि थंडपणे म्हणाले, “मुलीच्या भावाला स्थळ पसंत नव्हतं, तर आधी सांगायचं होतं. आम्ही आलो नसतो.”

अण्णांचा चेहरा उतरला. त्या क्षणी शालूचं लग्न मोडतंय असं मला खरंच वाटलं.

अंतरपाटामागून शालूचा आवाज आला. “मामंजी, त्याला स्थळ पसंत आहे. महिनाभर तो न्हाणीघरात तुमच्या सगळ्यांची नावं गातोय. ते ऐकून विष घ्यायचंच असतं तर आम्ही घेतलं असतं.”

आधी अंतरपाटापलीकडून नवरा मुलगा हसला. मग अप्पा. मग मुलाचे वडीलसुद्धा. इतक्यात जेवणाच्या बेताने आलेले आमचे डॉक्टर आत शिरले आणि त्यांनी लोणच्याची गोष्ट पुन्हा एकदा, या वेळी दोनशे माणसांना, सांगितली. हे लागट नाही आणि आठवड्यात बरं होईल, असंही जाहीर केलं. गुरुजींनी गोरज मुहूर्त काढून दिला. शालूचं लग्न अप्पांच्या एकट्याच्या मंगलाष्टकांवर लागलं आणि मी कोपऱ्यात गार पाण्याच्या गुळण्या करत अक्षता टाकल्या.

मांडवपरतणीला ठाण्याची मंडळी आमच्याकडे आली, तेव्हा त्या ओरडलेल्या बाई, म्हणजे जावयांची मावशी, त्यांच्याबरोबर होत्या. माझं तोंड एव्हाना स्वच्छ झालं होतं. मी नमस्कार करून म्हटलं, “मावशी, माफ करा हं. त्या दिवशी रंगामुळे तुम्ही फार घाबरलात.”

“रंग?” मावशी म्हणाल्या. “छे रे बाबा! माझे हे गुडघे. मी मागे खांबाआड बसले होते, तुझं तोंड मला कुठून दिसणार? मी नुसता आवाज ऐकला.”