दुकानात असताना आलेला आईचा फोन

मैत्रिणींनो, दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही.

मी पारधी, सोलापुरात नर्स आहे. ड्युटी संपल्यावर नेहमीच्या दुकानात चादर घ्यायला गेले. "या सिस्टर," म्हणत मालकांनी चादरी उलगडल्या. तेवढ्यात मंगळवेढ्याहून आईचा फोन आला. तिच्याशी मी आमच्या पारधी बोलीतच बोलते, तशी बोलले.

फोन ठेवला, तर मालक म्हणाले, "तुम्ही कुठल्या समाजाच्या म्हणायच्या?"

"पारधी."

चादरींची घडी झाली. "बॅग काउंटरवर ठेवा की," म्हणाले. शेजारच्या दोघींच्या पर्स खांद्यालाच होत्या. मी गुमान बॅग ठेवली. त्यांनी चेन उघडून आत पाहिलं. आत माझा युनिफॉर्म आणि रिकामा डबा होता. चादर न घेताच निघाले.

संध्याकाळी आईला सांगितलं. तिने फोन ठेवून दिला.

आत्ता तिचा पुन्हा फोन आला. जन्मात पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलत होती, अडखळत. "जेवलीस का? आता म्या असंच बोलत जाईन, तू बी असंच बोल. तू दुकानात असलीस तर कुनाला कळाय नको."

मी "बरं" म्हणाले. तुम्ही काय म्हणाला असता?