थंड इस्त्रीखालची अळंबी

दोन टोपल्या रानअळंबी फ्रीझरच्या एका खणात मावतील, असं तुम्ही छातीठोकपणे सांगाल का? आमच्या इस्त्रीवाल्या मावशीने सांगितलं! हिवाळ्याच्या बेगमीसाठी इमारतीच्या सामाईक फ्रीझरमधला तो खण मी सेक्रेटरीशी कडाकडा भांडून मिळवला होता. तो म्हणाला, "खण बंद झाला नाही, तर सगळं कचऱ्यात!"

विषारी असल्याची जराही शंका आली, ते प्रत्येक अळंबं मावशीने आधीच फेकलं होतं. उरलेली तिने ब्रशने झाडली, चिरली आणि पाणी आटेपर्यंत परतली. दोन टोपल्यांचं एक पातेलं झालं! गार झाल्यावर पिशव्या भरल्या आणि त्यांवरून चक्क थंड इस्त्री फिरवली. घडी घातलेल्या शर्टांसारख्या सपाट पिशव्या खणात ओळीने उभ्या राहिल्या.

सेक्रेटरीने खण ढकलला. खट्! बंद!

"एक सुरकुती दाखव, वर्षभर इस्त्री फुकट!" मावशी म्हणाली. आम्ही हसून हसून जमिनीवरच बसलो. सेक्रेटरी हळूच म्हणाला, "मावशी, थंडीत एक पिशवी मला..."

"रांगेत उभा राहा!"

तुम्हीही थंडीत अळंबी खायला या, पण मावशीला विचारल्याशिवाय त्या खणाला हात लावू नका.